बंद तोंडाचं वर्ष

नवरा गेला त्या दिवसापासून मेबलचं तोंड बंद होतं. त्याला आता पाच महिने झाले होते. रडायची मोकळीक होती, हंबरडा चालत होता. शब्द तेवढा चालत नव्हता. लाल वाळवंटातल्या यारांगा आदिवासींच्या वस्तीत विधवेनं वर्षभर बोलायचं नसतं. बोलली तर तिचा आवाज गेलेल्याच्या कानावर जातो, त्याचा पाय मागे ओढला जातो, आणि मग तो ना इथला राहत ना तिथला होत. म्हणून मेबल आपल्या आज्या-पणज्यांसारखीच केस कापून, कपाळाला नि दंडांना पांढरी माती फासून बायकांच्या तळावर राहायला आली होती. जे सांगायचं ते हातांनी सांगत होती. पाण्याची खूण वेगळी, विस्तवाची वेगळी, उद्याची वेगळी. वस्तीतली शेंबडी पोरंसुद्धा त्या खुणा वाचतात, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही.

अडलं होतं ते एकच, आणि ते फार मोठं होतं.

त्या सकाळी ती नणंदेबरोबर कोरड्या ओढ्यापलीकडे कंद खणायला गेली होती. नणंद डेझी, गेलेल्याची धाकटी बहीण, तोंडानं मोकळी होती आणि त्या मोकळिकीचा पुरता उपयोग करत होती. दोघींच्या वाटचं ती एकटीच बोलत होती. मेबल वाकून जमीन बघत चालली होती. जिथे कंद पोसतो तिथे माती वर उचलून तडकते. तशी भेग दिसली की ती बसायची, पहार आपटायची, हातानं माती उपसायची. उन्हाळा असा तापला होता की लोखंड हातात धरवत नव्हतं, म्हणून पहारीला चिंधी बांधली होती. मांडीइतक्या खोल खड्ड्यातून मनगटाएवढा एक कंद निघायचा, कधी तोही पोकळ. दुपारपर्यंत चार निघाले. डेझी म्हणाली, औंदा कंदांनीपण तोंडं मिटून घेतलीत, आणि आपल्याच बोलण्यावर हसली. मेबलही हसली, हसायला बंदी नव्हती.

चारांतले दोन आईसाठी होते. आई म्हणजे टॉप्सी म्हातारी. डोळ्यांच्या साथीत तिचे दोन्ही डोळे गेले त्याला वीस वर्षं झाली होती. जावई गेला म्हणून रिवाजानं तिचंही तोंड बंद झालं होतं. सासू आणि जावई यांनी एकमेकांच्या नजरेला पडायचं नाही, समोरासमोर यायचं नाही, नाव घ्यायचं नाही. जावयाच्या भावांनाही हाच नियम. तीस वर्षं जावयानं शिकारीतला वाटा दुरून झाडाला टांगला आणि शीळ घालत निघून गेला. सासू-जावयाचं एकदाही भांडण झालं नाही, याचं सगळं श्रेय बायका रिवाजाला देत. आता मुकी आणि आंधळी म्हातारी मुक्या लेकीच्या मनगटावर दोन्ही हात ठेवायची आणि तिच्या खुणा चाचपून वाचायची.

मेबलनं राखेत भाजलेला कंद सोलून तिला भरवला. म्हातारीनं दोन घास गिळले, तिसरा परतवला. मग रोजच्यासारखा तिचा हात उठला, तळवा बाहेरच्या बाजूला ढकलला गेला आणि बोटं हलली. पुढे?

ही एक खूण ती दिवसातून दहादा करायची. पुढे काय झालं?

चौदा वर्षं मेबल आणि हेलन नावाची गोरी बाई शुभवर्तमान, म्हणजे येशूची गोष्ट, यारांगाच्या बोलीत उतरवत होत्या. हेलन त्याच्याही कितीतरी आधी, तरुण असताना आली आणि केस पांढरे होईपर्यंत राहिली. म्हातारीनं तिला लेक मानलं, म्हणजे ती मेबलची बहीण झाली. पत्र्याच्या खोलीत समोरासमोर बसून दोघी एकेका ओळीवर दिवस घालवत. ज्यांनी कधी मेंढपाळ पाहिला नाही त्यांना मेंढपाळ कसा सांगायचा, ज्यांच्या बोलीत क्षमेला पोटातला शब्द आहे तिथे डोक्यातला कसा चालेल, असे वाद घालत. लिहून झालं. पण वाचणार कोण? तरुण पोरं इंग्रजी वाचायला शिकली होती, म्हातारी माणसं काहीच शिकली नव्हती. ही अक्षरं घडाघडा वाचणारी माणसं दोनच, एक मेबल आणि एक हेलन. म्हणून ठरलं की मेबलनं मोठ्यानं वाचायचं आणि तो आवाज टेपच्या यंत्रात भरून ठेवायचा. येशूला बागेत पकडून नेतात तिथवर भरून झालं, आणि दुसऱ्या दिवशी मेबलचा नवरा पंपाची पवनचक्की दुरुस्त करताना वरून पडला.

गेलेल्याचं नाव वस्तीत कुणी उच्चारत नाही, म्हणून मीही ते इथे लिहीत नाही. येशूच्या बारा शिष्यांतल्या मोठ्या शिष्याचं जे नाव तेच त्याचं होतं, एवढं सांगतो. तो गेल्यापासून येशूच्या देवळातला पास्टर एडी दर रविवारी प्रार्थनेत "तो कोळी शिष्य", "तो बायकोवाला कोळी" असं म्हणत वेळ मारून नेत होता, आणि मागच्या रांगेतल्या बाया हाताआड हसत होत्या.

म्हातारीनं ती गोष्ट मिशनच्या वसतिगृहात लहानपणापासून ऐकली होती, पण इंग्रजीत. त्यातलं तिला कळलं ते एवढंच, की कुणीतरी खूप रागावलेला आहे आणि आपण गप्प बसलं पाहिजे. आपल्या बोलीत ती पहिल्यांदा कानावर पडली तेव्हा, सत्तरी उलटल्यावर, ती मांडीवर थापा मारत म्हणाली होती, "अगं बया, हा तर चांगला मानूस हाय की. मला कुनी सांगितलंच न्हाई." त्या दिवसापासून ती कॅसेटची वाट बघायची. बागेत पकडून नेलं, इथे तिची गोष्ट अडली होती. शेवट तिला ठाऊक होता, पण तो परक्या तोंडचा. तिला तो आपल्या लेकीच्या तोंडून हवा होता. आणि तिचे पाय आता सुजले होते, श्वास घेताना छातीत पाणी वाजत होतं.

त्यात हेलनचं दक्षिणेला परत जाणं ठरलं. तिची तब्येत ढासळली होती; महिना संपताना गाडी येणार होती आणि उसनं आणलेलं यंत्रही त्याच गाडीतून जाणार होतं. पुन्हा कुणी येईल असं तिनं कुणाला सांगितलं नाही. तिला खोटं बोलता येत नसे.

आधी हेलननं स्वतःच वाचून पाहिलं. म्हातारीच्या अंथरुणाशी बसून, चष्मा पुसत, एकेक शब्द नीट उचलून तिनं दोन पानं वाचली. एकही चूक नव्हती. पोरं आडोशाच्या पत्र्यामागे लोळून हसत होती. म्हातारीनं सभ्यपणानं सगळं ऐकून घेतलं आणि मग मेबलच्या मनगटावर खूण केली: ही खडे चघळत्येय. हेलनला खुणा कळत होत्या. ती आधी हसली आणि नंतर चष्मा काढून बराच वेळ पुसत बसली.

मग उपाय एकच उरला. विधवेचं तोंड मुदतीआधी उघडता येतं, पण ते गेलेल्याच्या थोरल्या भावानं उघडायचं. थोरला भाऊ म्हणजे टोबी. तो देवळाची पायरी चढत नसे. त्याच्याकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणून मेबल वस्तीच्या दुकानात गेली. दुकानात नवा माणूस आला होता. तिनं पिठाच्या पोत्याकडे बोट केलं, चहाकडे केलं, मांसाच्या डब्यांकडे केलं. तो तिला मुकी समजला आणि मुकी म्हणून बहिरीही समजला. ओरडून ओरडून, एकेक डबा तिच्या नाकासमोर नाचवत तो विचारू लागला, हा? का हा? रांगेतली माणसं खाली बघू लागली. जाताना त्यानं कीव येऊन तिच्या पिशवीत एक गोळी टाकली, पोरांना देतात तशी काडीवरची. चौदा वर्षं शब्द तोलून ज्या बाईनं अख्खं शुभवर्तमान उभं केलं, तिला नको म्हणता आलं नाही. ती गोळी तिनं घरी आणून राखेत पुरली.

टोबी आपल्या अंगणात मल्गाच्या झाडाखाली भाल्याचा दांडा तासत बसला होता. पास्टर एडी आणि हेलन पुढे बसली, मेबल मागे, तोंड दुसरीकडे करून. सामान मध्ये ठेवलं. पास्टर बोलला. देवाचा शब्द रिवाजापेक्षा मोठा आहे, म्हातारीचे दिवस थोडे राहिलेत, बाई निघून चालली आहे, असं सगळं त्यानं सांगितलं. टोबी तासत राहिला. लाकडाच्या सालपट्या त्याच्या पायांवर पडत होत्या.

"मी सात वरसांचा व्हतो," तो शेवटी म्हणाला. "वसतिगृहात आपल्या बोलीत पानी मागितलं. बाईनं कापडं धुवायचा साबन माझ्या तोंडात फिरवला. फेस येस्तवर. हिच्या आईलाबी तसंच केलं, तिचं नाव मी घेत न्हाई. तवा आमची तोंडं बंद करायला साबन. आता उघडायची घाई."

हेलन म्हणाली की ते खरं आहे. तिनं माफी मागितली. ते काही तिनं केलं नव्हतं तरी मागितली. टोबीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"पास्टर, तुझा देव तीन दिसांत उठला," तो म्हणाला. "माझ्या भावाला जायला वरीस लागतं. त्याला कुनी घाई करू नगा."

मग दांड्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "तिला बोलायचं आसंल तर बोलू दे. मी काठी घेऊन येनार न्हाई. पन भावानं मागं वळून बघितलं, तर त्याला काय सांगायचं ते तिनंच सांगावं."

त्यानं पीठ ठेवून घेतलं नाही. पास्टर वाटेत खुशीत म्हणाला, झालं, परवानगी मिळाली. परवानगी मिळालेली नाही, हे मेबलला पक्कं ठाऊक होतं. टोबीनं ओझं आपल्या खांद्यावरून उतरवून तिच्या खांद्यावर ठेवलं होतं. पिठाचं पोतंही तिनंच डोक्यावर घेतलं आणि तळावर परत आणलं.

पुढचे चार दिवस ती पाणी भरत होती, लाकडं फोडत होती, आईची कूस बदलत होती आणि मनातल्या मनात दोन माणसांमध्ये ओढली जात होती. नवऱ्यानं तिला कधी हात लावला नव्हता, कधी उपाशी ठेवलं नव्हतं; ती पत्र्याच्या खोलीत कागदांशी बसलेली असताना त्यानंच घरात भाकरी थापल्या आणि त्यावरून गड्यांचे टोमणे खाल्ले. अशा माणसाला वाटेत अडकवायचं? आणि इकडे ही आई. नर्स आली, छातीला नळी लावून बघितली, इस्पितळात न्यायला विमान मागवते म्हणाली. म्हातारीनं खूण केली की मी इथल्या मातीतून हलणार नाही. नर्स गेली आणि लगेच तो हात पुन्हा उठला. पुढे?

गुरुवारी दुपारी हेलन यंत्र घेऊन आली. शनिवारी गाडी होती. वारा पडला होता आणि पत्रे तापून कडकड वाजत होते. टोबी आला होता तोही तेव्हाच. मरायला टेकलेल्या माणसाच्या घरी वाटा पोहोचवावा लागतो, म्हणून कांगारूची तंगडी घेऊन तो आला, ओढ्याकाठच्या झाडाखाली दूर थांबला आणि रिवाजाप्रमाणे तळाकडे पाठ करून बसला. डेझी जाऊन तंगडी घेऊन आली.

हेलननं यंत्र म्हातारीच्या उशाशी ठेवलं, कागद मेबलच्या मांडीवर ठेवले आणि चक्र चालू केलं.

"मेबल, हळू बोल," ती म्हणाली. "अगदी आईच्या कानात. कुणालाही ऐकू जाणार नाही."

मेबलनं ओठ ओले केले. शब्द जिभेवर आला होता. पाच महिने अडलेला पहिला शब्द कसा असतो ते तिला तोंडात जाणवत होतं, जड आणि गोड. मग तिनं ओठ मिटले आणि हातानं हेलनला सांगितलं: त्याला जाईल.

तिनं कागद बाजूला सारले. आईला उठवून आपल्या छातीशी टेकवलं, तिचे दोन्ही हात आपल्या मनगटांवर ठेवले आणि हातांनी सांगायला लागली.

हातांच्या खुणांत नावं नसतात. त्यामुळे नाव टाळायचा प्रश्नच आला नाही. कोळ्यासाठी तिनं मासा दाखवला, विस्तव दाखवला, त्या विस्तवाशी शेकत बसून कोळी म्हणतो, मी ह्याला ओळखत नाही. म्हातारीनं जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. पहारेकऱ्यांनी येशूला मारलं, त्याचे डोळे बांधून विचारलं की सांग कुणी मारलं. म्हातारीचे आंधळे डोळे ओले झाले. डोळे बांधणं तिला कळलं. खिळे ठोकले तिथे मेबलनं आपला अंगठा आईच्या तळव्यात रुतवला. म्हातारीचा हात आखडला, पण तिनं तो काढून घेतला नाही. उलट तळवा आणखी उघडला.

मध्ये मध्ये ती दमायची आणि तिचा हात घसरून अंथरुणावर पडायचा. मेबल तो उचलून पुन्हा आपल्या मनगटावर ठेवायची आणि पुढे सांगायची. डेझी, आयुष्यात प्रथमच, गप्प बसली होती. मेबलनं मेलेला माणूस दाखवला, कापडात गुंडाळणं दाखवलं, खडकातलं भोक, आणि त्या भोकाच्या तोंडावर लोटलेला दगड. हात घसरला. तिनं उचलून ठेवला. मग पहाट झाली. बाया निघाल्या. त्या सुगंधी मसाले घेऊन जातात असं कागदावर होतं, पण मसाल्यांना खूण नव्हती; मेबलनं आपल्या कपाळाकडे बोट केलं आणि त्यांच्या हातात पांढरी माती दिली. बाया माती फासून रडत गेल्या. पाहतात तर दगड बाजूला. आत कुणी नाही. उजळ कपड्यांतली दोन माणसं म्हणाली, जिवंत माणसाला मेलेल्यांत काय शोधता, तो इथे नाही, आणि मेबलनं मांडीवरचा हात सावकाश, जितका उंच जाईल तितका, वर उचलला.

आईचे हात त्याबरोबर वर आले नाहीत.

डेझीनंच आधी ओळखलं. तिचा आक्रोश ऐकून तळावरच्या सगळ्या बाया धावल्या. मेबल रडली, डोकं दगडानं फोडून घेईपर्यंत रडली, पण "आई" हा शब्द तिला उच्चारता आला नाही. यंत्राचं चक्र तोवर फिरतच होतं. त्या पट्टीवर कावळे आहेत, पत्र्यांचा कडकडाट आहे, एका कुत्र्याचं भुंकणं आहे आणि शेवटी बायांचं रडणं. हेलननं ती पट्टी कुणाला दिली नाही. शनिवारी ती गेली.

तळ तिथून हलवला. म्हातारीची चूल मोडली, जागा डहाळ्यांनी झाडून पावलं पुसली. कागद लोखंडी पेटीत राहिले. रविवारी पास्टर आपल्या जुन्या टेपवर कॅसेट लावायचा आणि म्हातारी माणसं मान हलवत मेबलचा आवाज ऐकायची. मशाली घेतलेली माणसं येशूला घेऊन जातात तिथे टेप खट्ट करून थांबायचा. पुढचं पास्टर इंग्रजीत सांगे, तोवर बरीच जण उठून गेलेली असत. लाज मेबललाच वाटायची. आपल्याच आवाजानं माणसांना अर्ध्या वाटेत सोडून दिलंय असं तिला वाटे, आणि ती देवळाबाहेर मातीत रेघोट्या ओढत बसे. आणि एक गोष्ट तिला रोज टोचत होती. आई कुठवर होती? उठलेल्यापर्यंत पोचली, की आधीच गेली? हात तर तिनं कितीदा उचलून ठेवला होता. कुठल्या वेळचा हात जिवंत आणि कुठला नाही, हे तिला आठवून आठवून कळत नव्हतं.

थंडी पडली आणि वर्ष भरलं. उघड्यावर विस्तव पेटवले. मेबलनं टोबीपुढे कांगारूची भाजलेली शेपटी ठेवली, भाकरी, पिठाचं पोतं, दोन कांबळी ठेवली. माणसं गोल बसली. रिवाजाप्रमाणे टोबीनं उजव्या हाताचं बोट पुढे केलं. मेबलनं ते दातांत धरून हलकेच चावलं आणि सोडलं. तोंड उघडलं.

पहिला शब्द ऐकायला सगळे वाकले. मेबलचा आवाज न वापरलेल्या दारासारखा करकरला.

"भावजी, त्या दिवशी माझी आई कुठवर व्हती?"

कुणाला काही उमगलं नाही. डेझी ओरडली तेव्हा मेबलला ओढ्याकाठी त्याचं तोंड तळाकडे वळलेलं दिसलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. टोबीला उमगलं. मला काय ठाऊक, माझी तर पाठ होती, असं तो म्हणू शकला असता, आणि कुणी त्याला खोटं पाडलं नसतं. भावाच्या सासूकडे बघणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यावरून पूर्वी भाले निघत. तो चावलेल्या बोटाकडे बघत राहिला.

"बघायचं नव्हतं मला," तो म्हणाला. "पन तुझा आवाज कानावर येईना. मग मी मान वळवली. समदं बघितलं."

बसलेल्यांत कुजबुज उठली. एका म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. टोबीची मान खाली गेली, पण तो थांबला नाही.

"तू दगड लोटलास. तवा तिचा हात पडला. त्येच्यापुढं तू उचललास तो नुसता हात व्हता, मेबल."

म्हणजे दगडापर्यंत. म्हणजे ज्याच्यासाठी म्हातारी थांबली होती ते मेबलनं मेलेल्या हातांना सांगितलं होतं. डेझीनं मेबलला धरलं, पाणी पाजलं. बाया आता पुन्हा रडं काढायच्या बेतात होत्या, पण मेबलनं हातानं त्यांना थांबवलं. तिनं मांडी बदलली आणि आईला जिथे पुरलं होतं त्या लाल टेकडीकडे तोंड केलं.

तिथे हेलन नव्हती, यंत्र नव्हतं, कागदही नव्हते. तिनं दगड लावला होता तिथून पुढे, आपल्या बोलीत, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ती सांगू लागली. पहाट झाली. बाया निघाल्या.

टोबी शेवटपर्यंत उठला नाही.